संस्थापकांच्या पानावरचं ‘कै.’

“मी मेले हे तुमाला कोनी सांगितलं?”

फोन उचलल्याबरोबर हे वाक्य. माझा सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता आणि पलीकडून एक म्हातारा, खणखणीत, भांडणाच्या तयारीने आलेला आवाज. मी म्हटलं, आजी, राँग नंबर लागलाय.

“राँग नाय. मी नवसाबाई कारभारी ठोंबरे, देवळाली कॅम्पातून बोलते. ‘ओसरी’च्या वेबसाईटवर माझ्या नावापुढं कै. लावलंय अन् खाली तुमचं नाव-नंबर हाय. चांदवडला माझ्या भाच्यानं ते वाचलं अन् डोक्यावरून अंघोळ केली. त्याची बायको आमच्या घरच्यांचं सांत्वन करायला फोन लावते, तर तो मीच उचलला. ती भेदरली ना बिचारी.”

मी लॅपटॉप उघडला. संस्थापकांचं पान. पाच बायकांची नावं, एकीखाली एक, आणि पाचही नावांपुढे कै. त्यात शेवटचं नाव फोनवर माझ्याशी बोलत होतं.

माझं गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर छोटंसं ऑफिस आहे. शाळा, संस्था, दवाखाने यांच्या वेबसाईट मी तयार करते आणि पुढे सांभाळतेही. वेबसाईट सांभाळणं सोपं असतं. संस्थेची माणसं सांभाळण्यात केस पांढरे होतात. माझा स्वभाव तसाही तापट, पण ‘ओसरी कन्या वसतिगृह संस्थे’ने मला ज्या थराला नेलं, तिथे मला आजवर कोणी नेलं नव्हतं.

खेड्यापाड्यातल्या मुलींना नाशकात राहून शिकता यावं, म्हणून पन्नास वर्षांपूर्वी पाच बायकांनी ही संस्था काढली. आज कार्यकारिणीत सगळे पुरुष. एक ताई आहेत, त्या पाहुण्यांना ओवाळतात. या मंडळींना पन्नास वर्षांत वेबसाईट लागली नव्हती. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने मदत देण्याआधी ‘तुमच्या वेबसाईटची लिंक पाठवा’ असं कळवलं आणि यांची धावाधाव सुरू झाली. सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात वेबसाईटचं उद्घाटन करायचं ठरलं.

पहिल्या बैठकीत मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ही वेबसाईट बघणार कोण?

“सगळेच बघणार,” कार्यवाह सुनीलराव म्हणाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं साखरेत घोळलेलं.

मी म्हटलं, चांदवडकडच्या एखाद्या गावातला बाप बघणार, मोबाइलवर, कांद्याच्या चाळीत उभा राहून. पोरीला इथे ठेवावं की नाही ते ठरवणार. तेव्हा एका खोलीत किती जणी, जेवणात काय, गेट कधी बंद होतं, रात्री पोर आजारी पडली तर कोणाला फोन करायचा, एवढं पहिल्या पानावर टाकू. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पंगतीत बसून वरण गार आहे म्हटलंय. मग पहिल्या पानावर काय टाकायचं ते त्यांनी आपसांत ठरवलं. अध्यक्षांचा फोटो, कार्यवाहांचा फोटो, सर्व सदस्यांचे फोटो, आणि वरून ‘हार्दिक स्वागत’ अशी सरकणारी लाल पट्टी. उरलेली बैठक कोणाचा फोटो कोणाच्या आधी, यात गेली. या लोकांना चौकात लावायचा फ्लेक्स हवा होता, तो फक्त कॉम्प्युटरमध्ये दिसावा एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मी मूग गिळून काम केलं. खोल्यांची आणि जेवणाची माहिती दुसऱ्या पानावर का होईना, घुसवली. मजकूर सुनीलरावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तो जसाच्या तसा लावला. काम अजून अर्धवट आहे, लिंक कोणाला पाठवू नका, असं त्यांना बजावून सांगितलं. त्यांनी ती असतील नसतील त्या सगळ्या ग्रुपवर टाकली. अशा रीतीने नवसाबाईंच्या मरणाची बातमी चांदवडला पोचली.

मी सुनीलरावांना फोन लावला. नवसाबाई जिवंत आहेत म्हटल्यावर ते जरासुद्धा दचकले नाहीत.

“असं होय. अहो मॅडम, संस्थापक म्हटलं की कैलासवासीच असतात. पन्नास वर्षं झाली संस्थेला. सवयीने लिहिलं गेलं.”

“सवयीने माणूस मारता तुम्ही?”

“उलट त्यांना सांगा, अशी खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात.” आणि हसले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी फोन ठेवला, कै. खोडून तिथे ‘श्रीमती’ लिहिलं, आणि नवसाबाईंना तसं कळवलं. त्यांनी नातीला बघायला लावलं. नातीने मोठ्याने वाचलेलं मला फोनवर ऐकू आलं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आता भाच्याला सांगते, फुकट भिजलास.”

प्रकरण संपलं असं मला वाटलं. दुपारी सुनीलरावांचा फोन आला आणि आवाजातली साखर पार विरघळलेली.

“कोणाला विचारून बदललंत?”

“चूक होती, दुरुस्त केली.”

“मुंबईच्या कंपनीच्या मॅडमचा फोन आला होता मला. म्हणे, तुमच्या एक संस्थापक हयात आहेत, किती छान, कार्यक्रमात आमच्या हस्ते त्यांचा सत्कार ठेवा! आता काय सांगू मी त्यांना?”

“सत्कार ठेवा.”

“तुम्हाला इतिहास माहीत नाही. ते कै. होतं तसं परत लावा.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही गडबड आहे. त्यांनी पुन्हा सांगितलं. गडबड नव्हती. हा माणूस शुद्धीवर राहून, भरदिवसा, एका जिवंत बाईला मेलेली लिहायला सांगत होता. मी म्हटलं, माझ्या हातून हे होणार नाही. ते म्हणाले, मग कमिटीपुढे या.

कमिटीची बैठक वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होती. हॉल म्हणजे मंगल कार्यालय. भिंतीवर आदल्या लग्नातल्या नवरा-नवरीची थर्माकोलची नावं अजून चिकटलेली होती. अध्यक्ष गोटीरामभाऊ खुर्चीत रेलून बसले होते. ऐंशीच्या घरातले, मूळचे चांदवडकडचे, बराच वेळ डोळे मिटून असतात. मी सरळ त्यांनाच विचारलं, या बाई जिवंत असल्याची एवढी अडचण का आहे?

त्यांनी डोळे उघडले. “मॅडम, ह्या हॉलात पहिले पोरी अभ्यास करायच्या. सुनीलचे वडील अध्यक्ष व्हते तवा त्यांनी ह्याचं मंगल कार्यालय केलं. नवसाबाईला ते पटलं नाय. पहिल्याच लग्नाला ती गेटात आडवी बसली. नवरदेव घोड्यावर, वरात रस्त्यात, अन् बाई हालायला तयार नाय. लय बदनामी झाली. मग तिला काढली.”

“भाऊ, ते कशाला आता,” सुनीलराव म्हणाले.

“इचारलं म्हनून सांगितलं.” त्यांनी डोळे पुन्हा मिटले.

म्हणजे अडचण अशी होती. नवसाबाई जिवंत असल्या तर त्यांना बोलवावं लागणार. बोलावलं तर त्या बोलणार. आणि वर मुली लग्नाच्या बँडमध्ये कानात बोळे घालून परीक्षेचा अभ्यास करतात, हे कंपनीच्या मॅडमला समजणार. म्हणून त्या मेलेल्याच बऱ्या. हे कोणी तोंडाने बोललं नाही. मी तिथे अद्वातद्वा बोलले. तुमच्याच मजकुरात लिहिल्याप्रमाणे संस्थेचं नाव जिच्या घराच्या ओसरीवरून पडलं तिला मारून तुम्ही महोत्सव कसला करता, असंही बोलले. ओवाळणाऱ्या ताईंनी मान खाली घातली.

“ठीक आहे,” सुनीलराव शांतपणे म्हणाले. “जिवंत माणसाला कै. लावणं बरोबर नाही, हे मॅडमचं म्हणणं आपण मान्य करू. कै. नको. मग नावच नको. चार संस्थापक ठेवू.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हे करणार नाही म्हणून उठून आले. पण संस्थेच्या माणसाला वेबसाईटवरचा मजकूर बदलता आला पाहिजे, म्हणून मीच सुनीलरावांना शेजारी बसवून शिकवलं होतं. लॉगिन कसं करायचं, ओळ कशी घालायची, फोटो कसा लावायचा. तेव्हा त्यांच्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नव्हतं. ओळ खोडायची कशी, तेवढं बरोबर शिरलं होतं. मी ऑफिसात पोचेपर्यंत पानावर चार नावं होती.

मला इतका राग आला होता की फोनवर सांगणं जमेना. मी बस पकडून देवळाली कॅम्पला गेले. नवसाबाईंचे यजमान तोफखान्यात होते. त्यांच्या पश्चात त्या मुलगा, सून आणि नातीबरोबर बाजारामागच्या त्याच जुन्या घरात राहतात. पुढे ओसरी, तीवर लोखंडी पलंग. त्या पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. उंच, वाळलेल्या, नजर तेज. मला म्हणाल्या, “इथंच निजायच्या चौघी. पहिल्या पोरी. बापांना वाटायचं मिलिटरीवाल्याचं घर हाय, पोर सांभाळून राहील. मग पाच झाल्या, मग मावंनात.”

मी त्यांना सगळं सांगितलं. बैठक, सुनीलराव, चार संस्थापक. सांगताना माझा आवाज चढत गेला. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या. पान बघायला मागितलं. मी मोबाइल पुढे धरला. त्यांनी बोटाने पान वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर. एखादी वस्तू जागेवर नसली की आपण तीच जागा पुन्हा पुन्हा चाचपतो, तसं.

“कुटंच नाय का?”

“नाही.”

त्यांनी मोबाइल बाजूला सारला. मग म्हणाल्या, “कै. परत लाव.”

“आजी!”

“मेलेली व्हते तवा नाव तर व्हतं. आता जित्ती हाय तर नावच नाय. पोरी, माझ्या हाताखालून गेलेल्या बायका आज सत्तरीला आल्या. त्या आपल्या नातींना हे दाखवतील. त्यात मी नसले तर त्या म्हनतील, म्हातारीला वेड लागलं, तिथं अशी कोनी बाईच नव्हती. मला मेलेली चालंल. नसलेली चालायची नाय.”

मी रडले. रागाने रडले, पण रडले. त्यांना म्हटलं, आपण पेपरात देऊ, त्या कंपनीला कळवू. त्यांनी हात झटकला. “ते तुझं भांडन. माझं मला करू दे. कै. लाव म्हन त्याला. अन् कार्यक्रम कधी हाय?”

मी सांगितलं.

सुनीलरावांना फोन करून सांगितलं. नवसाबाई म्हणतात कै. चालेल, पण नाव ठेवा. त्यांचा जीव भांड्यात पडला. जुन्या विद्यार्थिनींचे फोन यायला लागलेच होते, पाचजणींची संस्था चारजणींची कधी झाली म्हणून.

“बघा, किती समजूतदार बाई! तुम्हीच उगाच ताणलंत. लावून टाका. कंपनीच्या मॅडमना मी सांगतो, छपाईची चूक झाली होती, त्या नाहीत.” जरा थांबून म्हणाले, “त्या येणार नाहीत ना पण?”

“कैलासवासी कशा येतील?” मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं. हसले. मी माझ्या हाताने नवसाबाईंचं नाव पुन्हा लिहिलं आणि त्यापुढे कै. लावलं. आयुष्यात इतकी घाणेरडी ओळ मी टाइप केली नव्हती. त्याच क्षणी काम सोडायला हवं होतं, पण महोत्सवाच्या दिवशी पडद्यावर वेबसाईट दाखवायला माणूस हवा होता. आणि खरं सांगायचं तर, या लोकांची तोंडं मला त्या दिवशी बघायचीच होती.

महोत्सव त्याच हॉलमध्ये झाला. स्टेजवर मखमली खुर्च्या, मागे मोठा पडदा, बाजूच्या टेबलावर मी आणि माझा लॅपटॉप. वसतिगृहाच्या मुली मागच्या रांगांत बसवल्या होत्या, कारण पुढे पाहुणे. कंपनीच्या मॅडम मधल्या खुर्चीत. अध्यक्षांनी नारळ वाढवला, मॅडमनी लॅपटॉपचं एक बटन दाबलं, वेबसाईट पडद्यावर उघडली आणि लाल पट्टी सरकू लागली. टाळ्या झाल्या. कार्यकारिणीचे फोटो बघून कार्यकारिणीनेच जास्त वाजवल्या.

सुनीलराव माईकवर आले. आवाज भरून आणण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. म्हणाले, ज्या पाच माउलींनी हे रोपटं लावलं त्या आज आपल्यात नाहीत. मला खूण केली. मी संस्थापकांचं पान लावलं. त्यांनी एकेक नाव घेतलं. कैलासवासी अमुक, कैलासवासी तमुक, आणि शेवटी, कैलासवासी नवसाबाई कारभारी ठोंबरे. आपण सर्वांनी उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या.

हॉल उभा राहिला. मुली, पाहुणे, कंपनीच्या मॅडम, सगळे. आत शांतता पसरली. मी मान वर केली आणि शेवटच्या रांगेत, मुलींच्याही मागे, मला ती उंच, वाळलेली आकृती दिसली. डोक्यावर पदर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. स्वतःला श्रद्धांजली वाहत होत्या.

“धन्यवाद. कृपया सर्वांनी बसून घ्यावं.”

खुर्च्यांचा खडखडाट झाला. सगळे बसले. नवसाबाई बसल्या नाहीत.

“आजी, बसा आता,” सुनीलराव माईकवरून म्हणाले. अंतरावरून त्यांनी ओळखलं नव्हतं. “ए मुलींनो, आजींना बसवा जरा.”

एका मुलीने त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला आणि पदर मागे सारला.

“बसू कशी? तुमी आत्ता ज्या पाचजणींसाठी उभे राहिलात, त्यातली शेवटची मी. नवसाबाई. तुमी सगळे माझ्यासाठी उभे राहिले म्हनून मीबी राहिले. पन मेलेलं मानूस पुन्हा खाली बसतं का कुटं?”

हॉलमध्ये आधी कोणाला काही उमगलंच नाही. मग पुढच्या रांगेतल्या एक सत्तरीच्या बाई “नवसाक्का!” असं ओरडल्या आणि खुर्च्यांमधून वाट काढत मागे धावल्या. त्यांच्यामागे दुसऱ्या. कंपनीच्या मॅडमनी शेजारी बसलेल्या गोटीरामभाऊंना काहीतरी विचारलं. भाऊंनी डोळे उघडले. म्हणाले, “हायेत. जित्त्या हायेत. आमाला सगळ्यांना माहीत व्हतं.” त्यांच्यासमोर दुसरा माईक चालू होता, तेव्हा ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

सुनीलरावांनी माईक सोडला. ते माझ्या टेबलापाशी आले आणि दातओठ खात म्हणाले, “पडदा बंद करा.”

“ही तुमच्या संस्थेची वेबसाईट आहे,” मी म्हटलं. “आणि तिची देखभाल माझ्याकडे आहे.”

मी लॉगिन केलं. त्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. पान उघडलं, शेवटच्या नावापाशी गेले आणि कै. खोडलं. मुलींच्या रांगांतून गलका उठला. मी तिथे ‘श्रीमती’ लिहायला घेतलं.

“ते बी नको,” नवसाबाई मागून म्हणाल्या. “पुढं काही लावू नको. पुढं लावलं का ह्यांना मानूस मागं ढकलायला बरं पडतं.”

मी तेही खोडलं. नुसतं ‘नवसाबाई कारभारी ठोंबरे’ ठेवलं आणि सेव्ह केलं. त्यांनी ते पडद्यावर एकदा नीट वाचलं, ओठ हलवत.

मग त्या बसल्या.